निर्जळ एकादशीच्या गोळ्या

माझ्या भित्रेपणावर आमच्या घरात बऱ्यापैकी करमणूक होते. रेवा दोन महिन्यांची असताना तिला उचकी लागली आणि थांबेना, म्हणून मी एकटीच रिक्षा करून तिला दवाखान्यात घेऊन गेले होते. उचकी वाटेतच थांबली. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "बिटिया तो हँस रही है, आप क्यों रो रही हैं?" तेव्हापासून घरात कुणी शिंकलं तरी जनार्दन म्हणतो, "रिक्षा बोलावू का गं?" आणि आत्याबाई पदर तोंडाला लावून हसतात. मीही हसते. हसता हसता शिंक कोरडी होती की ओली, एवढं मात्र बघून ठेवते.

म्हणून त्या जूनमध्ये माईंची कंबर धरली आणि मी गोळ्यांच्या पट्ट्या उलटसुलट करून वाचायला लागले, तेव्हा कुणालाच त्यात काही विशेष वाटलं नाही.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. कूलरमध्ये पाणी ओतायला बादली उचलली आणि त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. वर येता येईना, बसता येईना. तोंडातून आवाजही नाही, फक्त डोळ्यांतून पाणी. मी आणि आत्याबाईंनी मिळून त्यांना पलंगावर आडवं केलं. आत्याबाई म्हणजे मामंजींच्या थोरल्या बहीण, यमुनाबाई. ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आल्या त्या इथल्याच झाल्या. झाशीत लक्ष्मी गेटजवळच्या या दोन खोल्यांत या दोघी नणंद-भावजया एकमेकींना 'वहिनी' आणि 'वन्सं' म्हणत अशा राहतात, की त्यांच्यातलं भांडण कुठलं आणि गप्पा कुठल्या हे मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी जनार्दन माईंना इलाइट चौराह्यावरच्या हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. तापलेल्या दुपारीच पाजून झोपवलेली रेवा तेवढ्यात उठली, म्हणून मी घरी थांबले. दोघं परत आली ती दोन पट्ट्या घेऊन. एक बारीक पांढरी गोळी, आखडलेले स्नायू सैल करणारी. दुसरी नारिंगी, दुखण्याची आणि सुजेची. दोन्ही दिवसातून तीनदा, जेवणानंतर.

"किडनीचं सांगितलंत का?" मी विचारलं.

थंडीत माईंच्या पायांना सूज आली होती. रक्त तपासलं, तेव्हा आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले होते की मूत्रपिंडं जरा थकली आहेत; पाणी भरपूर प्यायचं, आणि दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही. हे सगळ्यांच्या समोर म्हणाले होते.

"कंबर दाखवायला गेलो होतो," जनार्दन बूट काढत म्हणाला. "त्यांनी विचारलं, और कोई तकलीफ़? माई म्हणाली, नहीं जी. मी मधे काय बोलणार?"

"माई, अहो—"

"कमरेच्या डॉक्टरला लघवीचं काय सांगायचं गं?" माई पलंगावरूनच म्हणाल्या. "परका पुरुष. कंबर दाखवली तेवढं पुष्कळ झालं."

आत्याबाईंनी मान हलवली. म्हणजे ठराव मंजूर.

मी म्हटलं, आत्ता परत जाऊ या, नुसतं विचारून येऊ. जनार्दन म्हणाला, डॉक्टर उद्यापासून लग्नाला कानपूरला जाणार आहेत, सोमवारी येतील, सोमवारी विचारू. "तोवर दुखू देऊ का तिला?" त्याने विचारलं. मी बी.एस्सी. आहे, पण वनस्पतिशास्त्राची. पानाचा आडवा छेद मला घेता येतो. माणसाच्या आत कुठली गोळी कुठे जाते, ते मला कुठून ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशी माई उठून बसल्या. तिसऱ्या दिवशी चहा स्वतः केला. आत्याबाई म्हणाल्या, "गोळी गुणाची आहे हो." आणि खरंच, माई झोपायच्या पण छान. जरा जास्तच छान. मला दिसत होतं की वरणात त्यांनी दोनदा मीठ घातलं. बोलताना जीभ किंचित जड पडत होती, जेवणानंतर तोंडात विडा ठेवून बोलावं तशी. एकदा रेवाला मांडीवर घेऊन त्या बराच वेळ 'जनू, जनू' करत राहिल्या. मी जनार्दनला सांगितलं. तो म्हणाला, "नातीत मुलगा दिसला तिला. यात घाबरण्यासारखं काय आहे?"

मग आली निर्जळ एकादशी. इकडे या एकादशीचं फार मोठं प्रस्थ. आपल्याकडच्या आषाढीला साताऱ्याला आम्ही खिचडी आणि रताळी चापायचो. इथे जेठातल्या भट्टीत थेंबभर पाणीही नाही. देवळात मातीचा घडा आणि ताडाचा पंखा द्यायचा, आणि आपण मात्र कोरडं राहायचं. झाशीत कितीतरी पिढ्या काढलेल्या आमच्या घराने ही इथलीच रीत उचललेली. मामंजी गेल्यापासून माईंची एकही निर्जळ एकादशी चुकली नव्हती.

आदल्या संध्याकाळी मी विषय काढला. "माई, या वर्षी नको. निदान पाणी तरी प्या. औषध चालू आहे."

"ऊन काय यंदाच पडलंय?" आत्याबाई म्हणाल्या.

"किडनीला पाणी लागतं, आत्याबाई."

"सूनबाई, तुझ्या साताऱ्याच्या पाण्याला विहिरी आहेत. आमच्या पाण्याला पुण्याई आहे."

माई हसल्या. मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "बरं बाई. उपाशीपोटी गोळी नको म्हणतेस ना? उद्याच्या दिवसात एकही गोळी घेणार नाही. झालं?"

झालंच. मला खरंच बरं वाटलं. पाणी नाही तर गोळीही नाही. एक दिवस कंबर दुखेल, पण निभेल. त्या रात्री मी शांत झोपले.

पहाटे रेवाला पाजत असताना स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला. माई आणि आत्याबाईंची कुजबुज. सूर्य उगवायच्या आत शेवटचं पाणी पिऊन घेतात, हे मला माहीत होतं. मी कूस बदलली.

सकाळी माई नऊवारी नेसून देवळात जाऊन आल्या, घडा दिला, पंखा दिला. जिन्यात एकदा भिंतीला टेकल्या. "भोवळ आली का?" तर म्हणाल्या, "नाही गं, हलकं वाटतंय. कंबरच नाहीये जशी." जनार्दन कारखान्यात जायला निघाला. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहे तो. मी त्याला दारात अडवून म्हटलं, "माईंकडे बघा ना जरा."

"बघायला तू आहेस की," तो म्हणाला, आणि गालातल्या गालात हसला.

दुपारच्या आधी वीज गेली. कूलर बंद पडला आणि खोली एकदम मोठ्ठी झाल्यासारखी वाटली, कारण आवाज गेला. त्या शांततेत मला माईंचं पुटपुटणं ऐकू आलं. त्या चादरीवरून काहीतरी वेचत होत्या, तांदळातले खडे निवडावेत तसं, आणि चिमटीतलं शून्य बाजूला ठेवत होत्या.

"माई?"

"वन्सं, दळण आलं का?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. मग डोळे मिटले.

आत्याबाई जपमाळ घेऊन शेजारी बसल्या होत्या. "उपासाची गुंगी आहे," त्या म्हणाल्या. "झोपू दे. निर्जळेला झोप लागणं चांगलं. दुखणं विसरली बिचारी."

मी रेवाला भरवलं. परत आले. माई तशाच होत्या. रेवाचा श्वास बघायची मला सवय आहे, त्यामुळे माणसाची छाती झोपेत कशी वर-खाली होते हे मला पाठ झालं आहे. मी पलंगाजवळ उभी राहिले. माईंची छाती वर गेली, खाली आली, आणि मग काहीच नाही. मी वाट पाहिली. बाहेर लाउडस्पीकरवर भजन चालू होतं, त्यातली एक ओळ सुरू होऊन संपली. मग कुठे पुन्हा वर गेली.

मी त्यांचा हात धरला. तो गार होता.

झाशीचा जून ज्याने पाहिला आहे त्यालाच हे कळेल. भिंतीला हात लावला तर चटका बसत होता. पलंगाची लोखंडी कड तापली होती. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. आणि त्या सगळ्यात एक हात गार. मी तो उचलला आणि सोडला. ओल्या फडक्यासारखा पडला.

"माई! माई, उठा!" मी गाल थोपटले. दंडाला चिमटा काढला, जोरात. भुवईसुद्धा हलली नाही. मग मी त्यांना खांद्याला आणि कमरेला धरून कुशीवर वळवलं. चार दिवसांपूर्वी याच बाईला कुशीवर वळवताना तिने माझ्या मनगटात नखं रुतवली होती. आता मी वळवलं तर गहू भरलेलं पोतं वळावं तशा वळल्या. एक हुंकार नाही. ते न दुखणं पाहून मी आत्याबाईंकडे वळले.

"आत्याबाई, हे झोपणं नाही. दवाखान्यात न्यायचं."

"उचकी लागली का हिला?" आत्याबाई म्हणाल्या. पण हसल्या नाहीत. त्यांनी माईंच्या कपाळाला हात लावला, आणि तो चटका बसल्यासारखा काढून घेतला. मग उठल्या आणि देवघराकडे गेल्या.

मला वाटलं, अंगारा आणतील. मी खिडकीतून खाली ओरडले, "पुष्पाभाभी! पुष्पाभाभी!" खालच्या मजल्यावर पुष्पाभाभी राहतात, त्यांच्याकडे फोन आहे. "भाभी, वर्कशॉप में फ़ोन लगाइए, इनको बुलाइए! और ऑटो! माईजी को कुछ हो गया!"

वळून बघते तर आत्याबाई गंगाजलाचा तांब्याचा गडू आणि तुळशीचं पान घेऊन माईंच्या उशाशी बसलेल्या. एका हाताने त्यांनी माईंची हनुवटी खाली ओढली होती.

गंगाजल आणि तुळशीपत्र तोंडात कधी घालतात, हे सांगायला मला कुणाची गरज नव्हती.

"नाही!" मी त्यांचं मनगट धरलं.

"सोड, सूनबाई. तिला कोरड्या तोंडानं जाऊ देणार नाही मी."

"त्या जात नाहीत! त्यांना गिळता येत नाहीये, आत्याबाई. पाणी सरळ श्वासात जाईल. तुमच्या हातानं गुदमरतील त्या!"

"सोड म्हणते ना!"

सत्तरीची बाई, पण मनगटात लोखंड. गडू कलंडला, पाणी उशीवर सांडलं. रेवा जमिनीवर बसून दोघींकडे बघत होती, ती एकदम भोकाड पसरून रडायला लागली. मी आत्याबाईंचं मनगट सोडलं नाही. मला वाटतं, मी त्यांना ढकललंही. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि त्यांचं सगळं बळ एकाएकी ओसरलं. गडू मांडीत धरून त्या हळूच म्हणाल्या, "पहाटे तिनं सगळ्या घेतल्या."

"काय सगळ्या?"

"गोळ्या. दिवसभराच्या. दोन्हीतल्या. आणि काल रात्री झोपेत राहिल्या होत्या, त्याही. तू म्हणालीस ना, दिवसा घ्यायच्या नाहीत. मग मीच म्हटलं, सूर्य उगवायच्या आत पोटात गेलं ते उपासाला लागत नाही. एकदमच घेऊन टाक, म्हणजे दिवसभर बघायला नको."

रेवा अजून रडतच होती.

"सकाळपासून का नाही बोललात?"

"तू ओरडली असतीस," आत्याबाई म्हणाल्या. हे त्या एखाद्या लहान मुलीसारखं म्हणाल्या.

मी उशाखालून दोन्ही पट्ट्या ओढून काढल्या. खिशासारखा पदराचा कोपरा करून त्यात बांधल्या. थंडीतला तपासणीचा कागद कपाटात होता, तोही घेतला. माईंना कुशीवरच ठेवलं, तोंड जरा खालच्या बाजूला, म्हणजे जीभ मागे पडणार नाही. हे बाळंतपणात एका पुस्तिकेत वाचलं होतं, लहान बाळांसाठी. मोठ्यांनाही तेच चालतं की नाही, कुणाला विचारणार?

पुष्पाभाभी ऑटोवाल्यालाच वर घेऊन आल्या. "भैया से कहलवा दओ है, साहब खाना खाबे गए हैं, आतई कह दैहें," त्या धापा टाकत म्हणाल्या. म्हणजे साहेब जेवून येईपर्यंत जनार्दनला निरोप मिळणार नव्हता. पुष्पाभाभींनी माईंकडे बघितलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "हाय राम. लू लग गई का?"

आम्ही माईंना खुर्चीत बसवून उतरवलं. ऑटोवाला पुढून, मी आणि पुष्पाभाभी मागून. जिना अरुंद, माईंचं डोकं दर पायरीला माझ्या छातीवर आपटत होतं आणि दर पायरीला मी त्यांच्या नाकातला वारा माझ्या मानेवर शोधत होते.

आत्याबाईंनी मागून रेवाला आणलं. खाली आल्यावर प्रश्न रेवाचा. दवाखान्यात तिला नेता येणार नाही. माझ्या मुलीला मी आजपर्यंत कुणाकडे तासभरही ठेवलेलं नाही. पुष्पाभाभी तिला आधीच कडेवर घेऊन उभ्या होत्या.

"भाभी, पानी उबालकर ही दीजिएगा। और काजल मत लगाइए। और शहद बिल्कुल नहीं—"

"हओ, उबाल कें पिलैहें! तुम जाओ तो!" चार मुलं वाढवलेल्या पुष्पाभाभी ओरडल्या. "चार मोड़ा-मोड़ी पाल लए हमने, एकऊ नईं मरो!"

रेवाने माझ्याकडे हात पसरले. मी ऑटोत बसले.

लक्ष्मी गेटच्या तोंडाशी ऑटो थांबला. समोर मांडव घातलेला, बर्फाची लादी, गुलाबी सरबताची पिंपं, आणि रस्ता अडवून उभे असलेले लोक. एकादशीचं पुण्य म्हणून सगळ्यांना पाजत होते. एकाने ग्लास आतच सरकवला. "माताजी को पिलाइए! गर्मी में बेहोश हो गई हैं, दो घूँट जाएगा तो आँख खुल जाएगी!"

"नहीं पिलाना है। रास्ता दीजिए।"

"अरे कैसी बहू हो? प्यासी मार दोगी क्या?"

दुसऱ्याने बाटलीतून माईंच्या तोंडावर पाणी शिंपडलं. तिसऱ्याचा हात ग्लास घेऊन त्यांच्या ओठांपर्यंत आला. सगळे भले लोक होते. मी माईंचं तोंड माझ्या पदराने झाकून वर आडवी पडले आणि आयुष्यात कधी ओरडले नव्हते तशी ओरडले. सरबत माझ्या पाठीवर सांडलं. आत्याबाई पलीकडच्या बाजूला माईंचे पाय मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्या बाहेर डोकं काढून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "निर्जला है इनकी! हटो सब!" आणि ते ऐकून गर्दी हटली. मी जे घसा फोडून सांगत होते ते कुणाला समजलं नव्हतं. निर्जला समजली.

सरकारी दवाखान्यात ओसरीवरच चटयांवर माणसं झोपलेली. सगळ्यांना लूच लागलेली, म्हणजे उष्माघात. बर्फाचे तुकडे, ओली फडकी. एका परिचारिकेने माईंकडे ओझरतं पाहिलं आणि म्हणाली, "लू का केस है, उधर लिटाओ, बर्फ़ लगाओ।" कुणीतरी बर्फाची पिशवी घेऊन आलंही.

मला त्या क्षणी सगळ्यात जास्त भीती वाटली. घरी निदान मी एकटी चुकत असते. इथे सगळे मिळून चुकले असते आणि सगळ्यांनी ते बरोबर म्हटलं असतं.

"हाथ लगाकर देखिए!" मी तिचा हात धरून माईंच्या पोटावर ठेवला. "लू में बदन ठंडा होता है क्या?"

तिने हात ठेवला. मग काढला नाही. वळून तिने डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टर तरुण होते, डोळे लाल, दाढी वाढलेली. त्यांनी माईंच्या पापण्या उचलल्या, गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हललाच नाही. मी पदराची गाठ सोडून पट्ट्या आणि कागद पुढे केले. त्यांनी पट्टी उलटी करून वाचली.

"कितनी खाईं?"

मी आत्याबाईंकडे बघितलं. आत्याबाई भिंतीकडे बघत होत्या. परपुरुषासमोर त्या बोलत नाहीत, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत. पण ते कारण नव्हतं, हे मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्यांनाही.

"आत्याबाई," मी मराठीत म्हटलं. "मी सांगितलं तर तो माझा अंदाज होईल. तुम्ही पाहिलंय."

त्यांनी पदर मागे केला. "चार सफ़ेद, चार नारंगी," त्या डॉक्टरांकडे सरळ बघून म्हणाल्या. "सवेरे, सूरज से पहले। एक लोटा पानी से। हमने खिलाईं।"

"उसके बाद पानी?"

"एक बूँद नहीं।"

डॉक्टरांनी थंडीतला कागद वाचला. मग हाताने काम करत करत, माझ्याकडे न बघता सांगायला लागले. "देखिए, ये दर्द वाली गोली कमज़ोर गुर्दों में ख़ून का बहाव और घटा देती है। और ये सफ़ेद वाली शरीर से निकलती ही गुर्दों के रास्ते है। चार दिन से थोड़ी-थोड़ी जमा हो रही होगी। आज इकट्ठी डाल दी और पानी भी बंद कर दिया। अब वो जाए कहाँ? दिमाग़ को सुला रही है। साँस को भी।"

म्हणजे वरणातलं दोनदा मीठ. 'जनू, जनू'. सगळं तेव्हाच चाललं होतं.

"बचेंगी?"

"साँस चलती रही तो दवा धीरे-धीरे उतर जाएगी। साँस रुकी तो नली डालेंगे। और गुर्दे न चले तो ग्वालियर भेजना पड़ेगा, मशीन पर।" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "आप बैठिए इनके पास। साँस देखती रहिए। बीच में ज़्यादा देर लगे तो तुरंत आवाज़ दीजिए। हमारे पास इतने लोग नहीं हैं।"

सलाईन लागली, प्राणवायूची नळी लागली, खाली लघवीची पिशवी लागली. पिशवी रिकामी. मी स्टुलावर बसले आणि बघायला लागले. मधे दोनदा ओरडले. दोन्ही वेळा परिचारिका धावत आली, माईंची छाती चोळली, श्वास आला. कुणी हसलं नाही. त्यांनी हसावं असं मला फार वाटत होतं.

दिवेलागणीला जनार्दन आला, सदऱ्यावर ग्रीस, डोळे भेदरलेले. निरोप त्याला उशिरा पोचला होता. तो पलंगाच्या पायाशी उभा राहिला आणि म्हणाला, "मी सोमवारी विचारणारच होतो."

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

माझं दूध भरून आलं होतं, ब्लाउज ओला झाला होता, सरबताने आधीच चिकट झालेला. "रेवा?" मी विचारलं.

"झोपलीय. पुष्पाभाभी म्हणाल्या, बाईला सांगा, पाणी इतकं उकळलं की अर्धं उडून गेलं." एवढं सांगून तो बाहेर गेला.

ती रात्र मी सांगणार नाही. सांगण्यासारखं त्यात काही घडलं नाही. माई श्वास घेत राहिल्या आणि मी बघत राहिले, एवढंच. उजाडताना पिशवीच्या तळाशी चहासारखं थोडं काही दिसलं. डॉक्टर वाकून बघून म्हणाले, "चलो, शुरू तो हुआ।" सुटलो, असं ते म्हणाले नाहीत.

द्वादशीचा सूर्य वर आला. माई हलल्या नव्हत्या. आणि मग माझं लक्ष आत्याबाईंकडे गेलं. त्या काल दुपारपासून भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. ओठ पांढरे, भेगाळलेले. त्यांचीही निर्जळ एकादशी होती, हे त्या गडबडीत कुणाच्याच ध्यानात नव्हतं.

"आत्याबाई, द्वादशी लागली. पारणं करा."

"वहिनी उठल्याशिवाय नाही."

"पाणी तरी प्या."

"मी पाजलंय ना तिला. पुरे झालं माझं पिणं."

मी स्टुलावरून उठून त्यांच्यासमोर खाली बसले, डोळे मात्र माईंच्या छातीवर ठेवून. "मला एकीचा श्वास मोजताना जीव नकोसा झालाय. दोन खाटा नाही सांभाळता येणार मला. तुम्हाला शिक्षाच घ्यायची असेल तर घरी गेल्यावर घ्या, मी नाही अडवणार. आत्ता प्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, मारतील. मग त्यांनी माझ्या हातातला ग्लास घेतला आणि सगळा प्यायल्या, आणि तोंड पुसायचं सोडून तसाच पदर डोळ्यांवर धरून बसल्या.

दुपारी ऊन खिडकीतून पलंगावर आलं होतं. मी चादर ओढून सावली करत होते, तेव्हा माईंचा अंगठा हलला. मला भास वाटला. मग त्यांनी पाय जवळ घ्यायचा प्रयत्न केला, आणि अर्ध्यावरच त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. दात एकमेकांवर आवळले गेले. हात पलंगाच्या दांडीवर गेला आणि ती दांडी त्यांनी इतकी घट्ट धरली की नळीची टेप सुटली.

"आई गं," माई म्हणाल्या. "कंबर."

आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. जनार्दन डॉक्टरांना बोलवायला पळाला. मी हसत होते की रडत होते मला माहीत नाही. दुखतंय, त्यांना दुखतंय, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

"दुखतंय गं फार," माईंनी डोळे उघडले. ते माझ्यावर थांबले, मला ओळखून. "सूनबाई, ती गोळी दे ना. पांढरी."

मी सुटलेली टेप पुन्हा चिकटवली. सोमवार येईल, मंगळवार जाईल, तरी ही कंबर दुखणारच होती. कुणीतरी कुठली तरी गोळी सुचवणार होतं. आणि पुढच्या वर्षी पुन्हा जेठ येणारच होता.

"गोळी नाही, माई. डॉक्टर येतायत. तोवर मी हात ठेवते."

"तुझ्या हातानं काय होणार?"

"काही नाही," मी म्हटलं.

मी त्यांच्या पाठीखाली हात सरकवला. मणक्याच्या बाजूला स्नायू ओढलेल्या दोरासारखा ताठ होता, आणि गरम. मी तळवा तिथेच ठेवला. माई कण्हत होत्या. दर कण्हण्याबरोबर तो दोर माझ्या हाताखाली आवळत होता, आणि मी हात काढला नाही.